सिनेश ते फोर्तालेझा : अजून न टाकलेल्या केबलमध्ये पंचवीस वर्षांचा वाटा

१ जून २०२१ रोजी लिस्बनच्या दक्षिणेला असलेल्या सिनेश या बंदरगावात एलालिंक नावाच्या समुद्राखालच्या केबलचं उद्घाटन झालं. तिचं दुसरं टोक ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, फोर्तालेझा शहरात. मध्ये सुमारे ६,००० किलोमीटर अटलांटिक. (सिनेश हे वास्को द गामाचं जन्मगाव. गोव्यात ज्याच्या नावाचं शहर आहे, तोच.) बातम्यांमध्ये वेगाचं कौतुक झालं आणि दोन खंड जोडले गेल्याची वाक्यं छापून आली. या प्रकरणातली खरी गंमत मात्र वेगात नाही, खरेदीत आहे. केबल खासगी कंपनीची, पण तिचं पायाभूत गिऱ्हाईक होतं विद्यापीठं आणि प्रयोगशाळांच्या नेटवर्कांचा एक गट. आणि या गटाने आपला वाटा घेतला तेव्हा समुद्रात केबल नव्हतीच.

त्या खरेदीच्या प्रकल्पाचं नाव बेला. युरोपच्या बाजूने जेआंट, म्हणजे युरोपातल्या चाळीसेक राष्ट्रीय संशोधन-शिक्षण नेटवर्कांना जोडणारा कणा. लॅटिन अमेरिकेच्या बाजूने रेडक्लारा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय नेटवर्कांना जोडणारं तसंच जाळं. सोबत ब्राझीलचं आरएनपी, चिलीचं रेउना, कोलंबियाचं रेनाटा, एक्वादोरचं सेदिया, आणि पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, जर्मनी, इटलीची राष्ट्रीय नेटवर्कं. आपल्याकडे एनकेएन (राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क) आणि अर्नेट ही संशोधन-शिक्षणाची नेटवर्कं जे काम करतात, तेच ही मंडळी आपापल्या देशात करतात.

मायामीचा वळसा

रिओमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेला पाठवलेला डेटा आधी उत्तरेला फ्लोरिडात जायचा, तिथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर, आणि मग उत्तर अटलांटिक ओलांडून युरोपात. दक्षिण अमेरिका आणि युरोप यांच्यात थेट केबल अगदीच नव्हती असं नाही. २००० साली सुरू झालेली अटलांटिस-२ होती. पण तिची क्षमता इतकी तुटपुंजी की ती मुख्यतः फोनच्या कामाची उरली होती. बाकी सगळी वाहतूक मायामीमार्गे. यामागे कोणाचं कारस्थान नव्हतं. दक्षिण अमेरिकेतल्या लोकांना हवा असलेला बहुतेक मजकूर अमेरिकेतल्या सर्व्हरवर होता, म्हणून केबली तिकडे गेल्या. केबली तिकडे गेल्या म्हणून दर तिथे उतरले. आणि दर उतरले म्हणून पुढची केबलही तिकडेच गेली.

सामान्य वापराला हा वळसा फारसा जाणवत नाही. संशोधनाला जाणवतो, आणि त्याचं गणित सोपं आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ६,००० किलोमीटरला ३० मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन ६०. अमेरिकेमार्गे हा फेरा जवळजवळ दुप्पट. आता, इंटरनेटवर डेटा पोचवण्याची जी रीत, म्हणजे टीसीपी, तिच्या जुन्या पठडीत पाठवणारा संगणक पोच मिळाल्यावरच वेग वाढवत नेतो. एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवलं की तो वेग निम्म्यावर आणतो आणि पुन्हा हळूहळू चढतो. हे चढणं फेऱ्याच्या वेळेवर अवलंबून असतं, त्यामुळे पॅकेटगळती तेवढीच ठेवून फेरा दुप्पट केला की एका जोडणीला मिळणारा वेग निम्मा होतो. १०० गिगाबिटची वाट पूर्ण भरायची, तर ६० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात कुठल्याही क्षणी ७५० मेगाबाइट डेटा ‘वाटेत’ असावा लागतो. फेरा १२० झाला की दीड गिगाबाइट. मोठे बफर, नव्या पद्धतीचे अल्गोरिदम, एकाच वेळी अनेक जोडण्या असे उपाय आहेत, आणि सगळे वापरतातही. पण अंतर कमी करण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही.

आधीची दहा वर्षं

२००३ साली युरोपीय आयोगाच्या पैशातून ॲलिस नावाचा प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी रेडक्लाराची स्थापना झाली. तोवर लॅटिन अमेरिकेतला जवळजवळ प्रत्येक देश स्वतंत्रपणे अमेरिकेला जोडलेला होता. बुएनोस आइरेसच्या विद्यापीठातून सान्तियागोच्या विद्यापीठाकडे जाणारं पॅकेटसुद्धा मायामी पाहून यायचं. ॲलिसने आधी हे दुरुस्त केलं: साओ पावलो, बुएनोस आइरेस, सान्तियागो, पनामा आणि मेक्सिकोतलं तिहुआना यांना जोडणारं एक कडं उभं केलं आणि साओ पावलो ते माद्रिद ६२२ मेगाबिटची जोडणी भाड्याने घेतली. आज आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांची ब्रॉडबँड मिळून एवढी होते. पण २००४ मध्ये ती मोठी गोष्ट होती.

माझ्या मते बेलाचं खरं बी इथे आहे, पुढच्या राजकारणात नाही. या दहा वर्षांत या संस्था एकत्र निविदा काढायला, एकत्र बिलं भरायला आणि एकमेकांचे थकलेले हप्ते सांभाळून घ्यायला शिकल्या. २५ वर्षांचा करार करायचा तर समोरच्याला हे गिऱ्हाईक २५ वर्षं टिकेल असं वाटावं लागतं. ते वाटणं असं कमवावं लागतं.

गरजही तोवर खरी झाली होती. चिलीच्या आताकामा वाळवंटात युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या, म्हणजे ईएसओच्या, पारानाल इथल्या दुर्बिणी आहेत, आणि त्यांचा डेटा म्युनिकजवळच्या गार्शिंगला जायला हवा. बरीच वर्षं त्यातला मोठा भाग हार्ड डिस्कवर भरून विमानाने जायचा. २०१० मध्ये एव्हाल्सो या प्रकल्पातून वाळवंटात सुमारे १०० किलोमीटर नवी फायबर पडली आणि वेधशाळा आन्तोफागास्तामार्गे सान्तियागोशी १० गिगाबिटने जोडली गेली. वाळवंट संपलं, समुद्र उरला.

हेरगिरीने दिलेलं निमित्त

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या, अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या कागदपत्रांत ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्यावरही पाळत ठेवल्याचं निघालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रसेल्सला युरोप-ब्राझील शिखर परिषद झाली, आणि तिथे थेट केबलची घोषणा झाली. त्या वेळी आकडा सांगितला गेला १८.५ कोटी डॉलर, आणि ती टाकणार ब्राझीलची सरकारी टेलिब्रास आणि स्पेनची आयलालिंक मिळून.

थेट केबलने हेरगिरी थांबते हा युक्तिवाद तेव्हाही कच्चा होता, आजही आहे. ज्याला ऐकायचं आहे तो किनाऱ्यावरच्या केंद्रात ऐकतो, राउटरमध्ये ऐकतो, शेवटच्या सर्व्हरवर ऐकतो. त्याला केबल कुठून गेली याने फरक पडत नाही. वाटेत मध्येच ऐकणं थोडं अवघड होतं इतकंच. पण दहा वर्षं शास्त्रज्ञांच्या अर्जांना जे जमलं नाही, ते एका राजकीय संतापाने केलं आणि फाइल हलली. मग ब्राझीलची अर्थव्यवस्था घसरली, २०१६ मध्ये दिल्मांना महाभियोगाने पायउतार व्हावं लागलं, आणि केबलला पैसा पुरवणारे हात बदलले. ती प्रत्यक्ष समुद्रात गेली तेव्हा मागे उभा होता मार्गरीत हा युरोपीय पायाभूत गुंतवणूक निधी. संतापाच्या भरात जाहीर झालेल्या प्रकल्पावर अवलंबून राहून बेलाचं नियोजन केलं असतं, तर ते २०१६ मध्येच कोसळलं असतं.

काय विकत घेतलं

बेलापुढे वाटा तीन होत्या. पहिली, जे चाललंय ते चालू ठेवायचं: दर दोन-तीन वर्षांनी निविदा काढून ठरावीक गिगाबिटची जोडणी भाड्याने घ्यायची. दुसरी, स्वतःची केबल टाकायची; ही कोणी गंभीरपणे मांडली नसावी, कारण दुरुस्तीची जहाजं, परवाने, किनाऱ्यावरची केंद्रं हा विद्यापीठांचा उद्योग नव्हे. तिसरी, कोणीतरी टाकू पाहत असलेल्या केबलमध्ये दीर्घ मुदतीचा वापरहक्क घ्यायचा. या धंद्यात त्याला आयआरयू म्हणतात. मालकी कंपनीची, पण ठरलेला हिस्सा ठरलेल्या मुदतीत तुमचाच. कंपनी उद्या दुसऱ्याने विकत घेतली तरी.

बेलाने तिसरी वाट धरली. मुदत २५ वर्षं, म्हणजे केबलचं जेवढं आयुष्य धरून ती बनवतात तेवढीच. फरक टँकरने पाणी मागवणं आणि धरणाच्या पाण्यात कायमचा वाटा लिहून घेणं यातला आहे, फक्त इथे धरण अजून बांधायचं होतं.

घेतलं काय, हेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी ‘इतके गिगाबिट’ घेतले नाहीत. फायबरच्या एका जोडीवरच्या प्रकाशाच्या वर्णपटाचा एक पट्टा घेतला. फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाशकिरण एकाच वेळी धावतात. त्यातल्या एका पट्ट्यावर दोन्ही टोकांना कुठली उपकरणं बसवायची हे मग ज्याचं त्याने ठरवायचं. सुरुवातीला त्यावर १०० गिगाबिटची जोडणी चालू झाली. पाच-सात वर्षांनी नवी उपकरणं आली की तोच पट्टा जास्त डेटा वाहील, आणि त्यासाठी केबल कंपनीकडे पुन्हा हात पसरावा लागणार नाही. भाड्याच्या जोडणीत तंत्रज्ञान सुधारल्याचा फायदा विकणाऱ्याला होतो, वर्णपट घेतला की तो घेणाऱ्याला होतो. संशोधनाची गरज दर काही वर्षांनी दुप्पट होते, पण अनुदान होत नाही. तिथे हा एक निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा.

याची जोखीम उघड आहे. केबल आलीच नाही तर? उशिरा आली तर? दहा वर्षांनी बाजारातला दर इतका पडला की आपण महागात घेतलं असं वाटलं तर? पहिल्या दोन शंकांपैकी उशिराची खरी ठरली. शिखर परिषदेपासून उद्घाटनापर्यंत सात वर्षं गेली. बेला आणि एलालिंक यांच्यात करार झाला २०१८ मध्ये. केबलची बनवणी अल्काटेल सबमरीन नेटवर्क्सकडे. फोर्तालेझाचं टोक २०२० च्या अखेरीस किनाऱ्याला लागलं, म्हणजे ऐन कोविडमध्ये. तोवर जुनी भाड्याची जोडणी चालवत ठेवावी लागली, आणि तिचे पैसे वेगळे. अशा नियोजनात हा ‘दुहेरी भाड्या’चा काळ नेहमी कमी धरला जातो.

पैशाची जुळणी हा स्वतंत्र विषय व्हावा इतकी गुंतागुंतीची आहे. युरोपीय आयोगाने अडीच कोटी युरोंहून थोडे अधिक दिले, पण एका खिशातून नाही. डिजिटल नेटवर्कांचा विभाग, आंतरराष्ट्रीय विकासाचा विभाग आणि उद्योग विभाग, अशा तिघांनी. उद्योग विभागाचा संबंध काय? कोपर्निकस उपग्रह कार्यक्रम तेव्हा त्यांच्याकडे होता, आणि पृथ्वीनिरीक्षणाचा प्रचंड डेटा लॅटिन अमेरिकेत पोचवायची वाट त्यांना हवी होती. २०१८ मध्ये ब्राझील, चिली आणि कोलंबियाशी त्याबाबत करारही झाले. प्रत्येक विभागाला आपापल्या कारणासाठी तीच केबल हवी होती, आणि प्रत्येकाला आपल्या नियमांप्रमाणे हिशेब. ज्यांनी सरकारी अनुदानाचं विनियोग प्रमाणपत्र एकदा तरी भरलंय त्यांना यापुढे समजावून सांगायला नको.

समुद्र सोपा, जमीन अवघड

एलालिंकची बातमी झाली. बेलाचा दुसरा, जमिनीवरचा भाग मात्र फारसा कोणाच्या नजरेत आला नाही. खरं तर तोच अधिक किचकट.

केबल फोर्तालेझाला येते. दुर्बिणी चिलीत आहेत. मध्ये अख्खं खंड आहे. ॲमेझॉनमधून आडवं जाता येत नाही, म्हणून वाट दक्षिणेकडून वळसा घेते: ब्राझीलच्या किनाऱ्याने साओ पावलो, पोर्तू आलेग्री, मग बुएनोस आइरेस, तिथून अँडीज ओलांडून सान्तियागो, आणि मग पश्चिम बाजूने उत्तरेला एक्वादोर आणि कोलंबियाकडे. समुद्रात एक मालक, एक करार. इथे प्रत्येक देशाचा वेगळा दूरसंचार कायदा, वेगळ्या कंपन्या, वेगळं चलन, आणि सीमेवर दोन देशांच्या फायबर नेमक्या कुठल्या खोलीत भेटणार हा प्रश्न. अशा सीमेवरच्या शेवटच्या काही किलोमीटरना कोणाचाच धंदा नसतो. दोन्हीकडच्या कंपन्या आपापल्या शेवटच्या शहरापाशी थांबतात.

ब्राझीलने यावर काढलेली एक वाट आपल्याकडच्या लोकांना ओळखीची वाटेल. आरएनपीने ईशान्य ब्राझीलमधल्या शेस्फ या वीज कंपनीशी हातमिळवणी केली. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर जी भू-तार (अर्थिंगची तार) असते, तिच्या पोटात फायबर असते. वीज कंपनीला ती स्वतःच्या नियंत्रणासाठी लागते, पण त्यातली बरीच पडून असते. उपकरणं संशोधन नेटवर्कने बसवायची, क्षमता दोघांनी वाटून घ्यायची. आपल्या एनकेएनलाही फायबर पुरवणाऱ्यांत बीएसएनएलबरोबर पॉवरग्रिड आणि रेलटेल आहेतच. रस्त्याकडेला खणलेली फायबर जेसीबी तोडतो. मनोऱ्यावरची सहसा कोणी तोडत नाही.

जमिनीवरचं काम २०२२ पर्यंत चाललं, म्हणजे समुद्रातलं पूर्ण झाल्यानंतरही. त्या मधल्या काळात फोर्तालेझापर्यंत रुंद रस्ता आणि पुढे जुन्याच गल्ल्या अशी अवस्था होती. म्हणून अशा प्रकल्पाचा आराखडा हातात आला की मी आधी त्यातला समुद्राचा नकाशा बाजूला ठेवून दोन्ही टोकांची पानं उघडतो. तिथे ‘स्थानिक जोडणी संबंधित देश करतील’ असं एका ओळीत लिहिलेलं असलं, की तारखा पुढे जाणार हे नक्की.

दुसरी वाट

एका केबलवर खंड टांगायचं नसतं. नांगर, मासेमारीची जाळी आणि भूकंप, यांपैकी काहीतरी २५ वर्षांत एकदा तरी गाठतंच, आणि दुरुस्तीचं जहाज पोचायला आठवडे लागू शकतात. इथे बेलाला जुन्या मायामी वाटेचाच आधार झाला. फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठातून चालणाऱ्या ॲमलाइट या अमेरिकी प्रकल्पाने मोनेट केबलवर, म्हणजे फ्लोरिडा ते फोर्तालेझा ते सान्तोस या वाटेवर, असाच वर्णपट घेतला होता. अमेरिका ते युरोप या टप्प्यावर तर संशोधन नेटवर्कांची पहिली १०० गिगाबिटची जोडणी २०१३ पासूनच होती. तिन्ही जोडल्या की अटलांटिकभोवती एक त्रिकोण होतो, आणि कुठलीही एक बाजू तुटली तरी इतर दोन बाजूंनी डेटा जातो. हळू, पण जातो.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचं उदाहरण बेलाच्या कौतुकात पुष्कळदा येतं, तिथे जरा सावध असावं. ३,२०० मेगापिक्सेलचा तिचा कॅमेरा रात्रीला २० टेराबाइट डेटा देतो, आणि आकाशात काही बदललं तर ६० सेकंदांच्या आत जगाला कळवायचं असतं. पण त्या प्रतिमा आधी कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत जातात, म्हणजे मुख्य प्रवाह ॲमलाइटच्या बाजूचा. फ्रान्समध्ये लियाँच्या केंद्रात या डेटावर मोठं काम होतं खरं, पण त्याने केबलची निवड बदलत नाही. बेलाचं हक्काचं काम ईएसओ, कोपर्निकस आणि जिनिव्हाच्या सर्नचा डेटा हे आहे, आणि तेवढं पुरे आहे.

एक दोष मात्र मान्य करायला हवा. बेलाने मायामीची एकहाती सत्ता मोडली आणि फोर्तालेझाची आणली. एलालिंक तिथे, मोनेट तिथे, अंगोलाकडे जाणारी २०१८ ची एसएसीएसही तिथेच. आणि शहरातल्याही एकाच समुद्रकिनाऱ्यावर, प्राया दो फुतुरूवर, केबलींची गर्दी. नकाशावर त्रिकोण दिसतो, पण त्याचा एक कोन काही किलोमीटरच्या वाळूत आहे.

पुण्यापुढचा हिशेब

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर केबली कशा दाटल्यात हे माहीत असलेल्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. आपला मायामी म्हणजे इजिप्त आणि लाल समुद्र. २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताचं इंटरनेट लंगडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम तुटल्या. तिन्ही मुंबईला उतरतात. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सर्नच्या सीएमएस प्रयोगाचं टिअर-२ केंद्र, म्हणजे त्याच्या डेटावर काम करणारं संगणक केंद्र, आहे. जिनिव्हाशी त्याचा व्यवहार रोजचा, त्यामुळे हे धक्के तिथे थेट जाणवतात.

आता एसकेए. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या या रेडिओ दुर्बिणीत सहभागी व्हायला भारताने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि भारतीय बाजूचं नेतृत्व खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे आहे. दुर्बिणीचा प्रक्रिया केलेला डेटा पर्थ आणि केपटाउनहून जगभरच्या प्रादेशिक केंद्रांकडे जाणार, वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट. भागाकार केला तर हे सरासरी १८० गिगाबिट प्रतिसेकंद होतात. त्यातला दहावा हिस्सा पुण्याला येईल असं नुसतं धरून चाललं, तरी १८ गिगाबिट सलग, दिवसरात्र, वर्षभर. मध्ये दोन दिवस जोडणी बंद पडली तर साचलेला डेटा भरून काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदी हाताशी हवी.

पर्थकडची बाजू त्यातल्या त्यात बरी. तिथून सिंगापूरला केबली आहेत आणि सिंगापूरहून चेन्नईला. केपटाउनची अडचण आहे. दक्षिण आफ्रिकेतून मॉरिशसमार्गे थेट कोचीला येणारी सेफ ही केबल २००२ ची, म्हणजे तिची पंचवीस वर्षं २०२७ ला भरतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने येणारी सीकॉम २०२४ मध्ये तुटली होती. मेटा आणि भागीदारांच्या टू-आफ्रिका केबलच्या विस्तारात मुंबई आहे, पण ती वाटही आखाताकडून फिरून येते. युरोपमार्गे डेटा आणायचा म्हटला तर पुन्हा लाल समुद्र.

बेलाच्या पद्धतीने जायचं तर नव्या केबलच्या आखणीच्या वेळीच वर्णपटाचा हिस्सा मागून ठेवावा लागेल, कारण केबल टाकून झाल्यावर तो मिळाला तरी त्या दरात मिळत नाही. त्यासाठी पैसा एकरकमी लागतो. सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षीच्या भाड्याचं शीर्षक सहज सापडतं. पाण्याखालच्या, दुसऱ्याच्या मालकीच्या काचेतल्या प्रकाशाच्या एका पट्ट्याला मालमत्ता म्हणायचं की सेवा, यावर फाइल अडते. युरोपने तीन विभागांची तोंडं जुळवून ती सोडवली. पुण्यासाठी अणुऊर्जा विभाग, विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि एनकेएन चालवणारं एनआयसी, असे तिघे आपल्याकडेही आहेतच.